दर गुरुवारी चार वाजता

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो, आणि तोही उसना. माझ्या पाठीवर तेरा क्रमांकाची चिठ्ठी आहे. कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले, तेव्हा माझ्यासारखे शेकडो जण एका पट्ट्यावरून पुढे सरकत होते. त्यांतले आम्ही वीस जण शहरातल्या एका मदतकेंद्रात आलो. तिथे टाळ्या वाजल्या. "डोंगरातल्या मुलांपर्यंत आता आपण पोहोचणार," असे संचालक माझ्यावर हात ठेवून म्हणाले. त्यांचा फोटो निघाला, त्यात मीही आहे. मला फार अभिमान वाटला होता.

मग मला डोंगरातल्या थेबेक गावी पाठवले. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून त्या डोंगरांत माणसे कमी आणि कोबी जास्त. दोक्सू कोबीचा ट्रक चालवतो. त्याची बायको मिरान किमचीच्या, म्हणजे तिखटमिठात मुरवलेल्या कोबीच्या, कारखान्यात कोबी धुते. त्यांची मुलगी सेबोम तेव्हा नऊ वर्षांची होती. अकरा महिने थांबल्यावर वोन्जू शहरातल्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि ऑटिझम आहे, एडीएचडीही आहे, असे कागदावर लिहून दिले. पुढची मदत ऑनलाइन मिळेल, एवढे तोंडी सांगितले.

ती मदत घेऊन मी आलो होतो.

"हा टॅब पोरीला बरं करणार होय?" दोक्सूच्या आईने मला उलटेपालटे करून विचारले. "आमच्या वेळी अशा पोरीला घुमी म्हणायचे आणि सोडून द्यायचे."

"सोडूनच द्यायचे ना, आई?" मिरान म्हणाली. "तेच नकोय मला."

दर गुरुवारी चार वाजता माझ्या काचेवर केंद्रातल्या समुपदेशक सेजिनबाई दिसत. सेबोम मात्र बैठ्या मेजाखाली जाऊन बसे. माझ्या कॅमेऱ्याला तिचे फक्त पिवळे मोजे दिसत. पहिल्या दिवशी मिरानने तिला ओढून काढायला हात घातला, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. मेजाखाली बरं वाटत असेल तिला." आणि त्या आपल्या चित्र काढत बसल्या. चाळीस मिनिटे कोणी बोलले नाही. पुढच्या दोन गुरुवारीही तसेच. मिरान स्वयंपाकघरातून डोकावून उसासे टाकी.

चौथ्या गुरुवारी मेजाखालून आवाज आला. "तुमच्या मागे काय वाजतंय?"

"खोली गरम करायचा बॉयलर आहे जुना."

"तो मिनिटाला सहा वेळा वाजतो."

"अगं बाई! मी कधी मोजलंच नाही."

"मोजा मग."

बाईंनी खरोखर घड्याळ लावून मोजले. सहाच भरले. त्यानंतर सेबोम मेजाखालून बाहेर येऊन बोलायला लागली. बोलायची म्हणजे काय, धरणच फुटले. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, मधेच उठून खोलीला एक फेरी, परत माझ्यासमोर. बाई तिला अडवत नसत.

असेच एकदा तिने शाळेतल्या जेवणाविषयी सांगितले. "तिथे स्टीलची ताटं आपटतात. दोनशे बारा ताटं. डोक्यात नुसती ताटंच वाजत राहतात. मग गिळता येत नाही."

"मग तू खातेस काय?"

"काहीच नाही. घरी येऊन खाते."

स्वयंपाकघराच्या दारात मिरान ओल्या हातांनी उभी राहिली. "आणि दोन वर्षं मी हिला खायचे नखरे करते म्हणते आहे," ती स्वतःशीच बोलली.

सेजिनबाईंनी शाळेला पत्र लिहिले, दोनदा फोन केला. सेबोमला इतरांच्या आधी पंधरा मिनिटे वाचनालयात ताट मिळू लागले. कडाक्याची थंडी पडेपर्यंत तिचे गाल भरले. आजीने मला आपल्या बाहीने पुसले आणि म्हणाली, "गुणाचा आहे हो." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणावे तर एवढेच, आणि तेसुद्धा खरे सेजिनबाईंचे होते.

डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी बाईंनी चित्रांची वही उघडलीच नाही.

"सेबोम, पुढच्या गुरुवारी मी नसेन."

"मग त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही नाही गं."

"मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही, नाही! माझं काम इथलं संपलं. डिसेंबरपर्यंतच ठेवलं होतं मला."

सेबोमने थोडा विचार केला. "पण माझं नाही संपलं," ती म्हणाली.

चाळीस मिनिटे झाली तशी काच आपोआप काळी झाली.

जानेवारीत केंद्राने माझ्यात बारा व्हिडिओ भरले. त्यात हिरवा स्वेटर घातलेली एक हसरी बाई होती. ती विचारी, "आज तुला कसं वाटलं? सांग बघू." मग पाच सेकंद थांबे आणि म्हणे, "वा! किती छान सांगितलंस!"

पहिल्या गुरुवारी सेबोम काही बोलली नाही. तरी बाई म्हणाली, "वा! किती छान सांगितलंस!" दुसऱ्या गुरुवारी सेबोम माझ्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझा कुत्रा मेला." त्यांच्या घरी कुत्रा कधीच नव्हता. "वा! किती छान सांगितलंस!"

"आई," सेबोमने हाक मारली, "ही ऐकत नाही."

ती उठून गेली आणि परत माझ्यासमोर बसली नाही.

पण तीन व्हिडिओ चुकले की खऱ्या बाईसाठीच्या प्रतीक्षा यादीतून नाव कमी होते, असा केंद्राचा नियम होता. मिरानला वाटे, हे सगळे नीट पार पडले तर पुढच्या खेपेला खरी बाई मिळेल. म्हणून ती गुरुवारी लवकर घरी येऊन मला चालू करी आणि समोर लसूण सोलत बसे. "सांग बघू," हसरी बाई म्हणे. मिरान खाली मान घालून सोलत राही.

मार्चमध्ये शाळेचे नवे वर्ष लागले आणि सेबोमचा नवा वर्ग सुरू झाला. वर्गाच्या नव्या बाईंना जुन्या पत्राची माहिती नव्हती. ते कुठल्या कपाटात गेले, कोणालाच सांगता येईना. "केंद्राचं नवं पत्र आणा, मग बघू," त्या म्हणाल्या. सेबोम पुन्हा सगळ्यांबरोबर बसू लागली, म्हणजे पुन्हा उपाशी राहू लागली.

मिरानने केंद्राला फोन लावला. मेजावर मीच होतो, मला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

"तुमच्या मुलीचे बाराही भाग पूर्ण झालेत. शंभर टक्के. अभिनंदन!"

"तिने बघितले नाहीत हो. मी बघितले. तिला माणूस पाहिजे बोलायला."

"पण इथे पूर्ण दिसतंय ना, ताई. पूर्ण झालं की प्रतीक्षा यादीतून नाव निघतं. आता पुन्हा नव्याने अर्ज करायचा, आणि त्याला निदानाचा नवा कागद लागेल."

"तो कागद मिळायला अकरा महिने लागले होते."

"हो, तेवढे लागतात."

मिरानने फोन ठेवला. दोक्सू दारात बूट काढत होता. "काय म्हणाले?" त्याने विचारले.

"अभिनंदन म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तिने मला पुसून डब्यात घातले. सेबोम भिंतीकडे तोंड करून बसली होती, कानांवर हात ठेवून. आजीने तिच्यासमोर भाताचा वाडगा ठेवला आणि बाजूला बसून राहिली.

आता मी केंद्रातल्या फडताळावर आहे. माझ्यात सेबोमच्या नावापुढे दोन शब्द आहेत: मदत पूर्ण. उद्या मला दुसऱ्या गावी पाठवणार आहेत, त्याच बारा व्हिडिओंसह. तिथेही एखादे मूल माझ्यासमोर बसेल आणि मी त्याला तेच ऐकवीन. मला दुसरे काही येत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. काचेला चरा पडला तरी माझे काही अडत नाही. पण फार दिवसांनी तोंड उघडलेल्या मुलासमोरून उठून जाऊ नका. जावेच लागले, तर आपल्या जागी आधी एखादे माणूस बसवा, आणि मगच उठा.