पाव टाकीवर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, मोटरसायकलच्या पेट्रोलचा. माझ्या काचेला तडा गेलेला आहे आणि त्यातून धूळ आत येते. त्यामुळे मी जरा चिडून बोललो तर मनावर घेऊ नका. मी जेवढा मार खाल्ला तेवढा तुमच्यापैकी कुणी खाल्ला नसेल. कुणी खाल्ला असेलच, तर त्याला माझे म्हणणे लगेच कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने चिमट्याने मला उचलले, मीटरमध्ये बसवले आणि तपासून पाहिले. रिकाम्या खुणेपासून भरल्या खुणेपर्यंत मी कुठेही न अडखळता गेलो. तिने मान डोलावली आणि मला फार बरे वाटले. माझे काम तसे सोपे आहे. टाकीच्या पोटात एक हलका डबा पेट्रोलवर तरंगत असतो, त्याला फ्लोट म्हणतात. तो तारेच्या दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल वाढले की तो वर येतो, कमी झाले की खाली बसतो. तो सांगेल तेच मी दाखवतो. मी स्वतः टाकीत कधीही डोकावलेलो नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा, कारण माझ्या मालकाने ते ठेवले नाही.

माझा मालक भोजराज. नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या एका गावात त्याची धानाची शेती आहे. गावचा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधला. त्या तलावाचे पाणी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती सोडायचे, हे आजही त्याच्याच घरातला माणूस ठरवतो. गावात त्याला पाणकर म्हणतात. भोजराजजवळ चाकूने खाचा पाडलेला एक बांबू होता. तो तलावात उभा करायचा, कितव्या खाचेपर्यंत ओला झाला ते बघायचे आणि मगच पाणी सोडायचे, असा त्याचा नेम होता. कुणी कितीही शपथा घेतल्या तरी तो म्हणायचा, "मी तोंडाचं नाई आयकत, बांबूचं आयकतो."

तो माणूस माझ्यावरही तसाच विश्वास ठेवायचा. "आपला काटा कधी खोटा बोलला नाई," असे तो पाहुण्यांना सांगायचा आणि मी काचेआड फुगून जायचो. पण त्याचा हात फार जड होता. चावी फिरवल्यावर मी उठायला जरा उशीर केला, की काचेवर टिचकी बसायची, मग बुक्की. शेतातल्या मोटारपंपाला लाथ, बैलाला काठी आणि मला बुक्की, हा त्याचा रोजचा पाढा होता. मी हलायचो, म्हणून त्याला वाटायचे की मार लागू पडला.

मागच्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पावसाने दडी मारली. तलावात पाणी थोडे आणि मागणारे फार. एके दिवशी गोवर्धन नावाच्या शेतकऱ्याने पाळी नसताना आपल्या बांधीकडे पाणी वळवले. भोजराज मोटरसायकल घेऊन तलावाच्या बांधावर आला आणि खाली उतरताच त्याने तो मापाचा बांबू उगारला. गोवर्धन वाकला. बांबू माझ्या डोळ्यांदेखत टाकीच्या डाव्या कुशीवर आदळला. टाकीत वाटीएवढा खड्डा पडला. दुसरा फटका गोवर्धनच्या पाठीवर बसला आणि तिसरा त्याच्या कानाजवळ. रक्त बघून लोकांनी भोजराजला मागे ओढले. टाकीकडे कुणी पाहिले नाही. टाकीकडे कोण पाहणार?

पण त्या खड्ड्याने आत घात केला होता. पत्रा आत शिरला आणि फ्लोटची दांडी त्याला अडू लागली. पेट्रोल पाव टाकीच्या वर गेले, तरी बिचारा फ्लोट पावाच्या वर येईना. मी काय करणार? मी पाव दाखवू लागलो. टाकी भरलेली असो की अर्धी, मी पावावरच. त्या दिवसांत भोजराज थोडेथोडेच पेट्रोल भरायचा, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नाही.

ऑक्टोबरात जंगल पर्यटकांसाठी उघडले. भोजराजचा धाकटा भाऊ ओमेश तिथे गाइड आहे. तो पहाटे मोटरसायकल घेऊन गेटवर जायचा, येताना रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरून आणायचा. मोठा गुणी मुलगा. मला त्याने कधी टिचकीसुद्धा मारली नाही.

एका सकाळी भोजराजने अंगणात चावी फिरवली. आदल्या संध्याकाळीच टाकी गच्च भरलेली होती आणि मी पाव दाखवत होतो. त्याने मला बुक्की मारली. मी हललो नाही. त्याने ओमेशला हाक मारली.

"पेट्रोल कोठी गेला?"

"टाकीतच आहे दादा. फुल करून आनलो."

"काटा पाव दाखवून राहिला. कोनाले विकलास?"

"मी कायले विकू? ढक्कन उघडून पाह्य ना."

मित्रांनो, ढक्कन माझ्यापासून हातभर अंतरावर होते. चावी त्याच्या मुठीत होती. जो माणूस तलावाच्या पाण्याबद्दल कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हता, त्याने त्या दिवशी टाकीत डोकावायचे नाकारले. मी खोट्या खुणेवर ठाण मांडून बसलो होतो. मला ओरडता आले असते तर मी काच फोडून ओरडलो असतो.

भिंतीला टेकलेला तोच मापाचा बांबू त्याच्या हातात आला. पहिला फटका ओमेशच्या मांडीवर बसला. "दादा, माय शप्पथ, मी नाई काढलो!" असे ओमेश ओरडला. दुसरा फटका खांद्यावर. तिसऱ्याला त्याने डोके वाचवायला उजवा हात वर केला आणि मनगट मोडल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला. बांबूही उभा चिरला. तरी भोजराज थांबला नाही. चिरलेल्या बांबूने त्याने अजून दोन फटके मारले. ओमेश मातीत पडला होता आणि आता ओरडतही नव्हता.

तेवढ्यात भोजराजची बायको गंगा धावत आली. तिने नवऱ्याला दोन्ही हातांनी मागे ढकलले, बांबूची एक वीतभर फाक जमिनीवरून उचलली, चावी हिसकावली आणि टाकीचे ढक्कन उघडले. फाक आत सोडून तिने बाहेर काढली. ती जवळजवळ पूर्ण ओली होती.

"पाहा जी," ती म्हणाली, "तुमचाच बांबू आहे. आता आयका त्याचं."

भोजराजने फाकेकडे पाहिले. मग ओमेशकडे न जाता तो माझ्याकडे आला आणि त्याने मला असा ठोसा मारला की काच तडकली. ओमेशला दवाखान्यात गंगाने नेले.

दोन दिवसांनी भोजराजने मला गोंदियाजवळच्या फुलचूरला, रामलाल मिस्त्रीकडे नेले. "हा काटा चोर आहे, फेकून दे, नवा लाव," तो म्हणाला. रामलालने घाई केली नाही. त्याने टाकीखालच्या दोन तारा सोडल्या आणि एकमेकींना टेकवल्या. मी ताडकन भरल्या खुणेवर गेलो! मग त्याने टाकी रिकामी करून फ्लोट बाहेर काढला, कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना ते पाहिले आणि तारा पुन्हा जोडून दांडी हाताने वरखाली केली. मी तिच्यामागे शहाण्यासारखा चाललो. शेवटी त्याने टाकीच्या भोकातून बोट आत घातले आणि थांबला.

"भैया, कांटा तो सही है. फ्लोट भी सही है. अंदर पत्रा दबा है, दांडी वहीं अटकती है. टंकी को किसने मारा?"

भोजराजने खड्ड्यावर हात ठेवला.

"मीच," तो म्हणाला.

रामलालने दांडी मोकळी होईल इतका पत्रा बाहेर ओढला. वरून भरून रंग देऊ का, असे त्याने विचारले. भोजराज नको म्हणाला. खड्ड्याची खूण अजून आहे.

आता मी अगदी खरे दाखवतो, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. पंपावर पेट्रोल भरले की भोजराज ढक्कन उघडून बांबूची तीच फाक आत बुडवतो. ओमेशचे मनगट वाकडे जुळले, त्याला मोटरसायकल चालवता येत नाही. म्हणून पहाटे भोजराजच त्याला गेटवर सोडतो. ओमेश सीटमागची दांडी धरून बसतो, भावाचा खांदा धरत नाही.

गाडीचा उजवा इंडिकेटर कधीचा बंद आहे. परवा वळणावर भोजराजने उजवा हात बाहेर काढून वर केला. मागे ओमेशने झटकन मान खाली घातली आणि प्लास्टर काढलेला हात डोक्यावर धरला. भोजराजने ते आरशात पाहिले. त्याने गाडी कडेला थांबवली आणि बराच वेळ हँडलवर डोके टेकून रडला. तेव्हापासून तो हात दाखवत नाही. वळायचे असले की गाडी थांबवतो, मागेपुढे बघतो आणि मग हळूच वळवतो.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे चुकतात, बिघडतात, आम्हाला जरूर तपासा. तारा बघा, फ्लोट बघा, टाकीत काडी बुडवून बघा. पण माझ्या भरवशावर कुणावर हात उगारू नका. माझी दांडी रामलालने एका दुपारी मोकळी केली. ओमेशची मान मात्र अजून खाली जाते.