निळ्या बाजूचं रक्त

तिवशात फ्लेक्सचं मशीन आलं आणि धम्मदीप पेंटरकडे दुकानांच्या पाट्या येणं बंद झालं. राहिल्या त्या शाळांच्या भिंती. त्या थंडीत तो जिल्हा परिषदेच्या शाळेत माणसाच्या हृदयाचं चित्र काढत होता. त्याची आकांक्षा तिथंच तिसरीत होती. मधल्या सुट्टीत पोरी लंगडी खेळायच्या. ही चार उड्या मारायची आणि मैदानाच्या मधेच उकिडवी बसून मातीत रेघोट्या ओढत राहायची. पोरगी आपल्याच तंद्रीत असते, असं सगळे म्हणायचे. बापाला वाटे, आपल्यावर गेली, आणि मनातून तो सुखावे.

पुस्तकात होतं तसं त्यानं हृदय अर्धं लाल, अर्धं निळं रंगवलं. त्याच दिवशी शाळेत आरोग्य तपासणी होती. डॉक्टर साधनाताई चहाचा कप घेऊन भिंतीपाशी थांबल्या.

"म्याडम, एक इचारू?" धम्मदीप म्हणाला. "आंगात निळं रगत खरंच असते का? माह्या बोटाले पत्रा लागला तं लालच निंगते."

त्या हसल्या. "निळं कोणाचंच नसतं. फुफ्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघतं तेव्हा रक्त लालभडक असतं. तो अंगभर वाटून परत येतं तेव्हा काळपट लाल होतं. मुलांना फरक कळावा म्हणून चित्रात निळा देतात."

"अन् ह्या मनगटावरच्या शिरा?"

"कातडीतून निळ्या दिसतात एवढंच. आत लालच."

तेवढ्यात आकांक्षा धापा टाकत आली आणि बापाच्या शर्टाला धरून उभी राहिली. डॉक्टरबाईंची नजर तिच्या ओठांवर थांबली, मग नखांवर.

"हिला असं कधीपासून आहे?"

"लहानपणापासून. जांभयं खाल्ल्यावानी ओठ हायेत तिचे. डॉक्टरनं अशक्तपणा सांगतला, दवाई चालू हाय."

बाईंनी तिच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. बहात्तर. मग धम्मदीपच्या रंग लागलेल्या बोटाला, ते पुसून. अठ्ठ्याण्णव. पुन्हा आकांक्षाच्या. बहात्तर.

"खेळता खेळता उकिडवी बसते का?"

धम्मदीप चमकला. कालपरवा गावात आलेल्या बाईला हे कसं ठाऊक?

त्यांनी त्याच्याच चित्रावर बोट ठेवून सांगितलं. हृदयात भोक असावं आणि फुफ्फुसाकडे जायची वाट अरुंद. तिचं काही रक्त हवा न घेताच परत अंगात फिरतं. "बसली की तिला बरं वाटतं. तिच्या शरीरानं आपला आपणच शोधलेला उपाय आहे तो."

धम्मदीपनं ब्रश डब्यावर ठेवला. मैदानात पोरगी नुसत्या रेघोट्या ओढत नव्हती तर. दम खात बसत होती.

तपासण्या झाल्या, भोक खरंच निघालं, आणि फाल्गुनात अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "काही तास तिच्या हृदयाचं आणि फुफ्फुसाचं काम मशीन करेल. एका नळीतून काळपट रक्त येईल, दुसरीतून लाल होऊन आत जाईल."

बाहेर बाकावर धम्मदीप आणि त्याची बायको नीलम बसून राहिले. नीलमचे ओठ त्रिशरणात हलत होते. दुपार चढली, कूलर घुमत होता, आणि दोन रात्रींचा जागा धम्मदीप बसल्या जागी पेंगला. त्याला दिसलं, काळ्या वावरातून एक अंधारं पाणी हळूहळू वाट शोधत चाललंय. कुठं बांध आडवा, कुठं तुराटीचा ढीग. फिरून फिरून ते एका उघड्या माळावर पोचलं. तिथं वारा होता. वारा पाण्यावरून गेला आणि पाणी एका कडेनं उजळत गेलं, पळसाच्या फुलांसारखं, आवाज न करता. तोही त्या पाण्यात उतरला. ते कोमट होतं. कितीतरी वेळ तो चालत राहिला.

"उठा," नीलम हलवत होती. "झालं मनतेत. बरं झालं मनतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाला आत सोडलं. धम्मदीप खाटा पाहत पाहत गेला, पार भिंतीपर्यंत. पोरगी कुठंच नव्हती.

"अहो, कुठं चालले?" मागून सिस्टर म्हणाली. "ही काय तुमची!"

तो वळला. तो जांभळ्या ओठांची पोर शोधत होता, आणि त्या खाटेवरच्या पोरीचे ओठ गुलाबी होते. गाल गुलाबी, नखं गुलाबी. दुसऱ्याच कोणाच्या घरची वाटावी अशी ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माह्ये हात गरम काहून होऊन राहिले?"

त्यानं ते हात हातात घेतले.

दाराबाहेर नीलम चपला काढून तयार उभी होती. "कशी दिसते जी?"

"तूच पाह्य जाऊन," तो म्हणाला. "पण सिस्टरले इचारून जाजो, कोणती खाट ते. नाई तं ओयखू येनार नाई तुले."

आणि भर दवाखान्यात त्याला हसू फुटलं, की रडू, ते नीलमला कळलं नाही. ती आत पळाली.