कुलपाच्या जागी उमटलेली ओळ

मी शिवणाच्या दुकानातला, मागच्या खोलीतला, कापडं कापायचा टेबल बोलतोय. शिकलेली माणसं टेबलाला 'ते' म्हणतात. मी आपला स्वतःला 'तो'च म्हणत आलोय. व्याकरण माझ्या वाट्याला आलं नाही, तेव्हा चूकभूल पोटात घाला. आणि जरा सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

गंमत अशी, की मी मूळचा शाळेतला. तिथे मी दार होतो. एक अंग वर्गात, एक अंग व्हरांड्यात. पाढे सुरू झाले की मला लोटून घ्यायचे, आणि माझं अर्धं लक्ष बाहेरच राहायचं. तेवीस वर्षं शाळेत काढली, पण अक्षराशी ओळख झाली नाही. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा मला बिजागऱ्यांतून काढलं. शिंपीकाम करणारे एक मास्तर होते, ते मला घेऊन आले.

मास्तरांनी मला आडवा केला, खाली चार पाय दिले. कुलपाच्या जागी वीतभर भोक होतं. तिथे खोक्याच्या मऊ लाकडाचा तुकडा ठोकून बसवला. दुसऱ्याच्या कपड्याला ठिगळ लावलं तर ते कुणाला दिसू न देणारा माणूस तो. माझं ठिगळ मात्र दिसायचंच. "हे काही मला साधलं नाही," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मलाही लाज वाटायची. गिऱ्हाईक आत डोकावलं की वाटायचं, कुणीतरी तिथे कापड टाका रे.

मास्तरांनी सुनेला माझ्यावरच कापायला शिकवलं. मास्तरांचा मुलगा लवकर गेला, मग मास्तरही गेले. दुकानात उरल्या दोघी. सून, जिला सगळे 'बाई' म्हणतात, आणि तिची नणंद. नणंदेला बाई 'वन्सं' म्हणते. वन्सं पुढे बसते, मापं घेते, कोळशाची इस्त्री पेटवते आणि बोलते. कात्री थांबेल, वन्संचं तोंड थांबायचं नाही.

दुपारी मशीन बंद असलं की बाई माझ्यावर वही ठेवून लिहायला लागली. कापडावर खूण करावी तशी दाबून लिहायची. एकदा वन्संनं पडदा बाजूला केला.

"काय गं वहिनी, पत्र कोणाला एवढं लांबलचक?"

"पत्र नाही हो. गोष्ट लिहितेय."

"कसली?"

"प्रेमाची," बाई म्हणाली आणि वही दंडाखाली घेतली.

"अगं बाई! आधी त्या पँटची चेन लाव. मग कुणाचं जमवायचं ते जमव."

पडदा पडला. बाईनं चेन लावली आणि पुन्हा वही उघडली. मला तिचं तेच आवडलं. घाव घातला तरी धागा सोडायची नाही.

गोष्ट पुरी झाली, ती प्रकाशकाकडे गेली, आणि परत आली. कशी परत आली ते सांगतो. पोस्टमनकाका पाकीट घेऊन पुढच्या दारात न थांबता सरळ मागे आले. टोपी काढून माझ्यावर ठेवली.

"बाई, रागावू नका. हे पाकीट तीन दिवस माझ्या पिशवीत आहे."

"का हो?"

"जाड आहे. जाड पाकीट म्हणजे परत. मला माहीत आहे, मला स्वतःला चार वेळा आलंय. तुम्हाला द्यायचा धीर होईना."

बाईनं पाकीट घेतलं. उघडलंच नाही. मग म्हणाली, "तुम्ही काय लिहिता?"

काकांचे कान लाल झाले. साठीला टेकलेला माणूस! "तेच," म्हणाले. "तुम्ही लिहिता तेच."

त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा चहाचे दोन पेले एकत्र टेकले. वर्षभरानं तिसरा आला. तो नर्सबाईंचा, त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात. गणवेश सैल करायला आल्या होत्या, पडद्यामागून कुणीतरी कुणालातरी मिठी मारतंय असं कुणी वाचून दाखवताना ऐकलं, आणि माप द्यायचं विसरून आत आल्या. वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर त्यांनी अख्खी प्रेमकथा लिहिलेली होती.

मग दर गुरुवारी दुपारी तिघं बसू लागली. नियम एकच. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. कारण लिहिणारा आवाज चढवून, उतरवून चुका झाकतो. काका सिस्टरचं वाचायचे, सिस्टर बाईचं, बाई काकांचं. आणि बोलणं सगळं शिवणकामाचं. पहिलं लिखाण म्हणजे कच्ची टीप. "इथे सैल झालंय." "हे अख्खं पान उसवा." काका एकदा फार दुखावले, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, इंजेक्शन देताना मी कधी 'अजिबात दुखणार नाही' म्हणते का? दुखेल. पण उतार पडेल."

मला एक अक्षर वाचता येत नाही. पण ऐकून ऐकून तिघांच्याही गोष्टी मला घरच्यासारख्या झाल्या. मनातल्या मनात मी त्यांचे उपकार मानायचो. शाळेत जे माझ्या अर्ध्या अंगाला मिळालं, ते इथे सगळ्या अंगाला मिळत होतं.

बाईची नवी गोष्ट होती एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची आणि एका शिक्षिकेची. दोघंही चाळिशीपलीकडची. दोनशे पानं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. यावरून गुरुवारी भांडणं व्हायची. सिस्टर म्हणायच्या, "तिसऱ्या प्रकरणात 'तू'वर आणा हो त्यांना, जीव जायची वेळ आली!" काका म्हणायचे, "नको, अदब आहे ती." बाई म्हणायची, "वेळ आली की ती आपणहून म्हणतील."

पहिली तीन प्रकरणं एका प्रकाशनाला आवडली. पातळ पाकीट आलं! सगळी गोष्ट महिनाअखेरपर्यंत हातात पडली तर वाचू, नाहीतर पुढच्या वर्षी, असं त्यात होतं. पहिली गोष्ट दोनदा परत आलेल्या बाईला पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही असं वाटत होतं. "या खेपेला नाही झालं तर वही मिटली," ती म्हणाली होती. गमतीत नव्हे.

शेवटचं प्रकरण तिला सुचलं ते हातात कात्री असताना. वही घरी. समोर मापाचे नमुने काढायचा खाकी कागद. माझ्यावरची घोंगडी त्या दिवशी उन्हात वाळत घातली होती, म्हणून तिनं कागद तसाच उघड्या लाकडावर पसरला आणि एका दमात लिहून काढलं. गुरुवारी सिस्टरनी ते वाचलं. वाचताना थांबल्या, नाक पुसलं, पुन्हा वाचलं. काका म्हणाले, "यात टीप घालायला जागाच नाही."

कागद गुंडाळून बाईनं कोपऱ्यात ठेवला. वहीत उतरवायचा होता. इतक्यात बँडवाल्यांचे बारा कोट आले, घाईचे. तीन दिवस कात्री थांबली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पार्सल बांधायला काका आले. पोस्टाची थैली एकला बंद होते. बाईनं कोपऱ्यात हात घातला आणि तशीच राहिली.

कोटाच्या बाहीचा नमुना खुंटीवर लटकत होता. त्यावर अक्षरं होती.

शिंप्याचा हात कागदाची कोरी बाजू बघतो, लिहिलेली बघत नाही. तिनं स्वतःच आपलं शेवटचं प्रकरण बाह्यांच्या आणि कॉलरच्या आकारात कापलं होतं. उरलेली कातरण?

पडद्यातून वन्सं आत आली होती. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. "वहिनी, मी ती इस्त्री पेटवायला घेतली."

बाईनं खुंटीवरची बाही काढून माझ्यावर टाकली. "जाऊ दे," म्हणाली. "नसेल व्हायचं."

"जाऊ दे काय?" सिस्टर तेवढ्यात रात्रपाळी संपवून आल्या होत्या, त्यांनी पर्स माझ्यावर आपटली. "रोगी अजून श्वास घेतोय. काका, तो हात द्या इकडे. हात म्हणजे बाही!"

सुरू झालं. सिस्टरचं अक्षर स्वच्छ, त्या लिहायला बसल्या. काका बाही धरून वाचायचे: "'तिनं दार उघडलं आणि त्याच्या हातात', पुढे काखेचा गोल आलाय." बाई आठवून सांगायची, "त्याच्या हातात तिचं बंद पडलेलं घड्याळ होतं." बाहीवरून कॉलरवर, कॉलरवरून दुसऱ्या बाहीवर. काकांना संवाद पाठ होते, सिस्टरना सुस्कारे. पण मधला एक मोठा तुकडा तिघांनाही आठवेना. घड्याळ मागतो की देतो? हसतो की गप्प बसतो?

"तो चष्मा काढतो," पडद्याजवळून आवाज आला.

तिघंही वळली. वन्सं पदराशी चाळा करत उभी होती. "चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकाला पुसतो, आणि पुसलेला चष्मा डोळ्यांवर घालायच्या ऐवजी खिशात टाकतो. मग त्याला काहीच दिसत नाही, आणि म्हणून त्याला बोलायचा धीर येतो." मग एकदम चिडून म्हणाली, "असं काय बघता? मी ऐकत नव्हते. कानावर पडत होतं."

दोन वर्षं दर गुरुवारी पडत होतं.

 मग वन्सं हळू म्हणाली, "दादा असाच पुसायचा गं चष्मा. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. लिही तू. मी आपली उगाच बोलते."

साडेबारा झाले. एकच ओळ उरली, शेवटची. शिक्षिका विचारते, मी तुम्हाला काय म्हणू? यावर तो काय म्हणाला?

"'काहीही म्हणा, पण हाक मारा,'" काका ठामपणे म्हणाले.

"'काहीही म्हण, पण हाक मार,'" सिस्टर म्हणाल्या. "मी वाचलंय ना!"

"अहो, रडत वाचलंय तुम्ही. रडताना काना दिसतो का?"

"आणि तुम्हाला ऐकू येतं का धड?"

दोघांनी बाईकडे पाहिलं. बाईचा चेहरा उतरला. "इतक्यांदा बदललं होतं, की काय ठेवलं तेच आठवत नाही."

"मग आत्ता ठरव," वन्सं म्हणाली.

"आत्ता ठरवलं तर घाईत ठरेल. त्या दिवशी मनातून ठरलं होतं."

ती माझ्यावर हात टेकून उभी होती. बाह्या पसरताना घोंगडी सरकली होती, हात पडला नेमका त्या ठिगळावर. तिची बोटं थबकली. कापडात मोडकी सुई राहिली तर डोळ्यांआधी या बोटांना कळतं. ती वाकली. मग खुणेचा निळा खडू घेतला, आडवा धरला आणि मास्तरांना न साधलेल्या त्या मऊ लाकडावरून हलकेच फिरवला.

अक्षरं वर आली.

मला काय दिसणार? पण चार डोकी एकमेकांना टेकली, आणि सिस्टरनी वाचलं. "'काहीही म्हण', इथे काना आहे, पण खोडलाय! केवढी खोल रेघ! 'पण हाक मार.' पुढचा काना लिहिलेलाच नाही."

पहिला काना लिहून खोडला होता, दुसऱ्याची गरजच उरली नव्हती. तेवढ्या जागेत ती दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती.

काकांनी डोळे पुसले. "हरलो," म्हणाले, आणि एवढ्या आनंदानं हरलेला माणूस मी पाहिला नाही. पार्सल काखेत धरून ते निघाले. पोस्टात तीस वर्षं काढली, पण त्या दिवशीसारखे धावले नसतील. थैली बांधता बांधता पोचले.

पुस्तक झालं. फार मोठं नाही, हातात मावेल एवढं. पहिली प्रत माझ्यावरच उघडली. काकांचंही पुढे एक झालं. सिस्टरचं अजून जाड पाकिटात येतं, पण आता ते फोडायला चौघं असतात. चौथी वन्सं. तिचं वाचन सगळ्यांत कडक, आणि चहाही तीच करते.

दुकानात आता गुळगुळीत पत्र्याचा नवा टेबल आलाय. कापणं त्याच्यावर. पाय जरा डगमगतात म्हणून मी खिडकीशी बसलोय, फक्त गुरुवारसाठी. मध्ये सुतार आला होता, म्हणाला, रंधा मारून नवा करून देतो. वन्संनंच त्याला हाकललं. "पाय नीट कर. वरचा एक टवका काढलास तर बघ."

देवानं मला काय दिलं नाही? शाळा दिली, मास्तरांचा हात दिला, ही माणसं दिली. आणि ज्याची जन्मभर लाज वाटली त्या ठिगळाचा एवढा उपयोग करून घेतला. एकच मागणं आहे. कुणी लिहीत असेल, तर त्याचं वाचून दाखवा. आणि लिहिणाऱ्यानं जरा दाबून लिहावं. खाली कोण जपून ठेवतंय, सांगता येत नाही.

आता थांबतो. इतका वेळ तुम्ही माझं ऐकून घेतलंत. कधी या बाजूला आलात, तर मागच्या खोलीत डोकवा. टेबल म्हणा, म्हातारा म्हणा...

नाही, राहू दे. मला तेवढी एकच ओळ येते. काहीही म्हण, पण हाक मार.