जुनी पाटी कोणी खरवडायची

ही गोष्ट २०२३ सालची. अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले होते. हिंगोलीच्या एस.टी. डेपोमागच्या खोलीत मुंजाजी पेंटर संगणकावर एकच पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता.

"आता चांगलं दिसून राहिलं की मामा," मागे उभी असलेली रागिणी म्हणाली.

"दिसलं खरं. थांब." त्याने आणखी एकदा उघडलं. पडदा लाल झाला. त्यावर अक्षरं, 'ही जागा सुरक्षित नाही.'

"अगं माय! पुन्हा आलं."

मुंजाजीचं 'पेंटर' हे तेव्हा नावापुरतंच उरलं होतं. एके काळी सेनगावपासून औंढ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या असत. मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळून गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो सख्ख्या भाचीकडून संगणक शिकला आणि लोकांच्या ऑनलाइन दुकानांना पत्ते लावून देऊ लागला. "पाटीच ती," म्हणायचा, "भिंत तेवढी बदलली."

रागिणी शिरड शहापूरची. नवरा अंगद दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्याचं हळदीचं ऑनलाइन दुकान तीच चालवत होती. महिन्यापूर्वी तिने ते एका नव्या कंपनीच्या मशीनवर हलवलं होतं. पुण्याच्या एका सोसायटीतली चारशे बिऱ्हाडं वर्षाची हळद तिच्याकडून घेणार होती. चार वाजता सगळ्यांना दुकानाचा पत्ता जायचा होता. दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला, "धोक्याची सूचना येतेय. चारपर्यंत नीट झालं नाही तर आम्ही दुसरीकडून घेऊ." दीर शेषरावाने तर आधीच बजावलं होतं, ही विक्री फसली तर पुढच्या साली सगळी हळद मोंढ्यातल्या अडत्यांना आणि दुकान बंद. रागिणी सासूला घेऊन मिळेल त्या जीपने आली होती. तीनला दहा कमी होते.

मुंजाजीने दुकानाचं प्रमाणपत्र पाहिलं. पूर्वी गावात परका व्यापारी आला की कोणी तरी "हा माझ्या ओळखीचा" म्हणून पुढे होई, तसलीच ही हमी. ती ठणठणीत होती. मग त्याने लाल पानामागचं प्रमाणपत्र उघडलं. त्याची मुदत संपून पंधरा दिवस झाले होते.

"एका दुकानाला दोन हम्या काहून?" तो पुटपुटला. पत्ता टाकला की दुकान कोणत्या मशीनवरून उघडायचं, त्या नोंदींची यादी त्याने काढली. खाली नव्या कंपनीच्या मशीनचा आकडा होता. त्याच्यावर आणखी एक.

"हा वरचा कोणाचा गं?"

"त्यांचा," रागिणी म्हणाली. "नांदेडच्या मित्राच्या मशीनवर त्यांनी पहिलं दुकान ठेवलं होतं. अजून चालू हाय ते."

"नवं लावताना जुनं काढायचं असतंय, पोरी. काढलं काहून न्हाई?"

"म्या काढू दिलं न्हाई," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासू सुभद्राबाई बोलली. "त्यानं लिवलेलं पुसू नको म्हणलं. कोठीच्या भिंतीवर पोत्यांचे आकडे हायत त्याच्या हातचे. चुना देताना तेबी सोडले आमी. खाली जागा हाय, तिथं लिव म्हणलं सुनंला."

"मावशी, भिंतीवर दोन नावं खपतात. हितं न्हाई. अर्धी गिऱ्हाइकं नव्या दुकानात जातात, अर्धी जुन्या. जुन्याची हमी संपली, म्हणून लाल येतंय."

"मला ठावं हाय ते लाल पान. त्याच्या खाली बारीक अक्षरं असतात, तरीबी जायचं का म्हणून. ते दाबलं की अंगद दिसतो."

रागिणी गर्रकन वळली. "आत्या, तुमी..."

"रोज सांजच्याला. कधी येतो, कधी न्हाई."

सव्वातीन झाले होते.

"पुसलेलं सगळीकडं पोचायला अर्धा तास लागतो," मुंजाजी हळू आवाजात म्हणाला. "फोटो उतरवून देतो मी, मोठा करून."

"फोटो हाय घरी, हार घातलेला. हितं त्यो दुकानात बसलेला असतो रे बाबा."

मुंजाजीने बटणाला हात लावला नाही. उठून त्याने खुर्ची मोकळी केली. "जुन्या पाटीवर पहिला खरवडा मी कधीच मारला न्हाई, मावशी. खरवडायची पत्री घरच्याच्या हातात देत होतो."

म्हातारी येऊन बसली. "एकदा बघू दे."

दोनदा नवं दुकान उघडलं. तिसऱ्यांदा लाल आलं, तशी तिने बारीक अक्षरं स्वतःच दाबली. अंगद काट्यावर पोतं ठेवून, डोळे बारीक करून हसत होता.

"ऊन येतंय त्याच्या डोळ्यावर," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसलं. "कुठं दाबायचं?"

पावणेचारला रागिणीच्या मोबाईलवर पुन्हा एकदा लाल आलं, तेव्हा तिला रडूच फुटायचं बाकी होतं. "दम धर," मुंजाजी म्हणाला आणि त्याने पान पुन्हा उघडलं. चारला चार मिनिटं असताना दुकान लागोपाठ दहा वेळा नीट उघडलं. चार वाजून तीन मिनिटांनी पहिली मागणी आली.

शेषराव पुढच्या साली स्वतः पाकिटं भरायला बसला. "दुकान आमच्या वहिनीचं" असं आता पाहुण्यांना सांगतो. रागिणीने गावातच चक्की टाकली, तिच्या हाताखाली दोघी बाया आहेत. मुंजाजी गेल्या पौषात वारला. घरमालकाने त्याच्या खोलीवरची पाटी उतरवायला संगणक शिकवणाऱ्या भाचीलाच बोलावलं.

सुभद्राबाई अजून सांजच्याला तो पत्ता उघडते. दुकान झटकन उघडतं, लाल काही येत नाही. ती थोडी थांबते, मग मोबाईल पालथा ठेवून दिवा लावायला उठते.