मागच्या उतारावरचे खिळे

चिमीने तळवा टेकवून वर रेटलं, आणि डोक्यावरचं प्लायवूड उचललं गेलं.

फार नाही, बोटभर. पण त्या फटीतून उजेड आत आला, तिच्या मनगटावर पडला, आणि हात काढल्याबरोबर तक्ता धप्पकन जागेवर बसला. तिने पुन्हा रेटलं. पुन्हा उजेड. जुन्या गाद्या आणि मोडक्या पंख्याच्या मधोमध ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

ती माळ्यावर आली होती ताडपत्री शोधायला. टॉर्च सहज वर फिरवली, तर वाशाच्या बाजूला काहीतरी चमकलं. खिळ्यांची टोकं होती ती. एका रांगेत, सारख्या अंतरावर, अगदी शिस्तीत मारलेली, आणि एकही लाकडात नाही. वासा इथे आणि खिळे त्याच्या शेजारी हवेत. ती रांगत पुढच्या वाशापाशी गेली. तिथेही तेच. त्याच्या पुढेही तेच. मागच्या उतारावर खिळे हवे तेवढे होते, पण त्यांनी धरून काहीच ठेवलं नव्हतं. डब्यावर झाकण ठेवावं तसं नवं छप्पर घरावर नुसतं ठेवलेलं होतं.

आणि हे काम दादाचं होतं, तिच्या सख्ख्या भावाचं.

खालून सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, वरच संसार थाटलास की काय?"

"आले, आई."

म्हणाली खरी, पण टॉर्च पुन्हा त्या रांगांवरून फिरवत राहिली. मागच्या वर्षीचं वादळ तिच्या अंगातून अजून गेलं नव्हतं. त्या दिवशी या घराचं छप्पर आधी श्वास घेतल्यासारखं फुगलं आणि खाली बसलं. मग पुन्हा फुगलं, पुन्हा बसलं. चिमी सासूबाईंना छातीशी धरून जेवणाच्या टेबलाखाली घुसली होती. तिसऱ्यांदा ते वर गेलं ते खाली आलंच नाही. त्या आवाजाला काय म्हणतात हे तिला आजही सांगता आलं नसतं. दार आपटलं तरी छातीत धस्स व्हायचं. नवरा तेव्हाही जहाजावर होता आणि आताही जहाजावरच होता. वादळं नेमकी तो नसतानाच येतात असं सासूबाई म्हणत, आणि अशा सुरात म्हणत की त्यातही सुनेचाच काही हात असावा.

नव्या छपरासाठी परवाना काढायचा हट्ट म्हणूनच तिने धरला. उडालेलं ते छप्पर मुळात नवऱ्याच्या मित्रांनी दोन सुट्ट्यांत हसतखेळत बसवून दिलं होतं. ना परवाना, ना तपासणी. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. दादा हसला होता. "माझ्या बहिणीच्या घराला कसला गं परवाना? मी आहे ना!" पण ती ताडपत्रीखाली दिवस काढत कार्यालयात खेटे घालत राहिली. घराच्या मालकीचा कागद झाला, पत्रा किती वारा सोसतो त्याचा दाखला झाला. नकाशात छपराचा उतार दाखवला नाही म्हणून अर्ज परत आला. उतार दाखवला, तर खिळे किती अंतरावर ते लिहिलं नाही म्हणून परत आला. खिडकीतला कारकून तिला लांबून येताना पाहिलं की चष्मा पुसायला घ्यायचा. अखेर वादळांचा मोसम तोंडावर आल्यावर परवान्याचं पिवळं कार्ड हातात पडलं, आणि ते तिने दाराशेजारच्या काचेला चिकटवलं. अट अशी की प्लायवूड ठोकून झालं की तपासनीस येणार, वरून-खालून बघणार, कार्डावर सही करणार, आणि मगच पत्रे चढवायचे. तिला या अटीचा केवढा आधार वाटला होता!

तो तपासनीस आज येणार होता. वादळ उद्या रात्री.

ती शिडीवरून उतरली तेव्हा दादा स्वयंपाकघरात चहा ओतत होता. धार कपाच्या कडेवर पडली, तिथून बशीत, बशीतून ओट्यावर. त्याने फडकं घेतलं आणि जिथे सांडलं नव्हतं तिथे पुसलं. गेले काही महिने असलं काही झालं की चिमी त्याला वेंधळा म्हणून चिडवायची. आज ती नुसती त्या फडक्याकडे बघत राहिली.

"ताडपत्री मिळाली?" दादाने विचारलं.

"नाही."

"नको आता. साहेब सही करून गेला की संध्याकाळपर्यंत पत्रे चढवून टाकतो. माझा कामावरचा जोडीदार गेलाय त्याच्या घरच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला, तो येईलच. चेहरा का असा झालाय तुझा?"

"दादा, मागच्या बाजूला..."

"काय मागच्या बाजूला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तोंड तिच्याकडे केलं. नजर मात्र तिच्या कानाच्या जरा बाजूला कुठेतरी टेकली. आईवडील गेल्यावर याच माणसाने तिला वाढवलं होतं. उन्हात भाजून घेत लोकांची छपरं घातली, तिला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. त्याच्या हातचं छप्पर अजून एकदाही उडालं नव्हतं, आणि तो हे सांगायची एक संधी सोडत नसे. काम नापास झालं की ते कंत्राटदाराच्या नावावर लागतं, मग बोलावणं येतं, चौकशी होते, डोळे तपासतात, हे ठाऊक होण्याइतके खेटे तिने घातले होते. मग छपरं घालायचा परवाना जातो. परवाना गेला की दादा काय करणार? शिडीशिवाय या माणसाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"मागच्या बाजूला काय गं?"

"काही नाही. झालं ना सगळं नीट?"

"घ्या! हे मला विचारतेस?" तो हसला आणि बशीतला चहा भुरकला.

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय विचारतेस? आणि ऐकून ठेव, या वेळी मी निवाऱ्यात जायची नाही. गेल्या खेपेला छप्पर उडाल्यावर नेलंत तिथे, त्या गार फरशीवर माझी कंबर गेली ती गेलीच. आता घर भक्कम झालंय. मी माझ्या पलंगावर झोपणार आणि वादळाला म्हणणार, ये बाबा, काय करतोस ते कर."

पलंग मागच्या खोलीत होता. मागच्या उताराच्या बरोबर खाली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

तपासनीस घाईत होता. गाडीचं दार त्याने उघडंच ठेवलं, आत रेडिओवर वाऱ्याच्या वेगाचे आकडे सांगत होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डोळे जागरणाने लाल.

"दादा, तुमचं शेवटचं," तो म्हणाला. "इथून सरळ घरी. संध्याकाळी कार्यालयाला कुलूप."

"या या. बघून घ्या. चहा टाकू?"

"नको हो. वारा सुटलाय."

तो बाहेरची शिडी चढून छपरावर गेला. चिमी ओट्याला धरून उभी राहिली. त्याची पावलं पुढच्या उतारावर वाजली, मग छपराच्या कण्यावरून मागे गेली. ती मनातल्या मनात म्हणत होती, बघ रे बाबा, नीट बघ, तूच बघ, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. आणि त्याच दमात म्हणत होती, नको बघूस. दोन्ही तितक्याच मनापासून.

"रांगा बघा काय सुरेख!" वरून आवाज आला. "आखून काढल्यासारख्या. हल्लीची पोरं असं काम करत नाहीत, दादा."

वरून डोकीच दिसतात खिळ्यांची. ती सुरेखच होती.

तो खाली आला, माळ्याकडे वळलाही नाही. काचेवरच्या कार्डावर उभ्याउभ्या सही ठोकली.

"खालून बघायचं असतं खरं तर," तो पेनाला टोपण लावत म्हणाला. "पण तुमच्या कामाला काय बघायचं? चला, सांभाळून राहा."

दादाचा चेहरा खुलला. सासूबाई आतून "झालं का गं?" म्हणाल्या. झालं होतं. परवाना पुरा, सही झाली, भावाची अब्रू शाबूत. आता चिमीने फक्त गप्प बसायचं होतं. नंतर दादाला बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. आणि तो वर गेला असता, टॉर्च फिरवली असती, आणि म्हणाला असता, सगळं ठीक आहे, उगाच घाबरतेस. त्याला ते ठीकच दिसलं असतं. हे तिला इतकं लख्ख कळलं की तिला रडूच आलं.

तपासनीस गाडीत बसत होता. ती अनवाणी धावली.

"साहेब, माळ्यावरून एकदा बघा."

"ताई, बघितलं की मी."

"वरून बघितलंत. खालून बघा. मागची बाजू." आवाज चिरकला. "पाया पडते तुमच्या."

दारात उभ्या दादाच्या हातून फडकं गळून पडलं.

"चिमे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तपासनिसाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग गाडीतला रेडिओ बंद केला, टॉर्च घेतली आणि मुकाट्याने आत गेला. माळ्याच्या शिडीच्या पायऱ्या करकरल्या. मग वर काहीच वाजेना.

दादा आत येऊन ओट्याला टेकला, चिमी त्याच्या मागोमाग आली.

"केव्हा कळलं तुला?"

"मघाशी."

"आणि मला नाही सांगितलंस. त्याला सांगितलंस."

"तुला दिसलं नसतं रे."

त्याने डोळे चोळले, लहान मूल चोळतं तसे.

"उन्हात सगळं पांढरंफटक होतं," तो म्हणाला. "रेघ मारतो, ती पुसट होते. पट्टीवरचे आकडे तर अंदाजाने."

"पण हाताला कळत नाही? खिळा पोकळ गेला की?"

"हातोडीने कळतं. आता मशीनने मारतो ना, सगळे सारखेच जातात." मग अगदी हळू, "किती चुकलेत?"

"मागचे सगळे, दादा."

त्याने ओट्याची कड घट्ट पकडली. चिमीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत दादाला घाबरलेलं तिने प्रथमच पाहिलं, आणि वादळापेक्षा तिला त्याच्या त्या घाबरण्याचीच भीती वाटली.

"कधीपासून हे?" तिने विचारलं.

"यंदाच. उन्हाळ्यापासून."

तपासनीस खाली उतरला. केसांत जळमटं, गुडघ्यांना धूळ. तो आधी नळाशी जाऊन पाणी प्यायला. मग काचेवरचं कार्ड काढून सहीवर काट मारली. चिमीला वाटलं, आता तो दादावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मागचं सगळं काढून परत ठोका," तो म्हणाला. "तपासायला आता कुणी येणार नाही. पण ठोका. मशीन नको, हातोडीने."

"ठोकतो," दादा म्हणाला.

"वाशांच्या रेघा मी मारते," चिमी म्हणाली. स्टुलावर चढलं तरी तिला गरगरायचं.

"आणि आजींना इथे ठेवू नका. त्या काही म्हणू देत."

तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात थांबला. वळला नाही.

"दादा, आमच्या घराचं काम तुम्ही उन्हाळ्यातच केलंत ना?"

"हो."

"सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटी."

बाहेर कुणाचा तरी रिकामा डबा रस्त्यावरून घरंगळत गेला. तपासनिसाने खिशातून फोन काढला. घरी लावला.

"ऐक. टॉर्च घे आणि माळ्यावर जा. नाही, आत्ता. मुलांना खालीच ठेव. अगं, घाबरण्यासारखं काही नाही." पण हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्यावरून तिकडे बायको काय समजायचं ते समजली असणार.

तो फोन कानाशी धरून उभा राहिला. शिडी ओढल्याचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरात आला. मग बायकोने काही विचारलं असावं, कारण तपासनिसाने फोन कानापासून काढला आणि दादाकडे पाहिलं.

दादा पुढे झाला. हात लांब करून, हवेत जरा चाचपडत, त्याने फोन घेतला.

"वहिनी, मी दादा. छपरवाला." "वाशांच्या शेजारी खिळ्यांची टोकं दिसतात का, तेवढं सांगा. मला दिसत नाही हो नीट. तुम्हीच बघून सांगा."

तिकडून वहिनी एकेक टोक मोजू लागल्या, आणि ते मोजणं थांबेना.