सहा अंशांचा फरक

"बोलू नको. साखळी धर," उद्धव जोशी म्हणाला.

साखळीवाला बोलला नव्हता, नुसता खाकरला होता. पण परीक्षेच्या दिवशी उद्धवला कोणाचे खाकरणेही सहन होत नसे. अकोल्याबाहेर, मोर्णा नदीच्या पलीकडच्या काळ्या रानात तिपाईवर होकायंत्र मांडलेले होते. ऊन चढत होते. सकाळपासून त्याला दोनदा उलटी झाली होती आणि दुसऱ्या वेळी पाण्याशिवाय काही पडले नव्हते.

मोजणीच्या वर्गाची ही त्याची दुसरी परीक्षा. अकरा दगडांची एक शीव मोजायची. प्रत्येक दगडावरून पुढच्या दगडाची दिशा होकायंत्राने अंशांत घ्यायची, मधले अंतर साखळीने घ्यायचे, आणि हे सारे कागदावर उतरवले की रेघ फिरून पहिल्या दगडाला येऊन मिळाली पाहिजे. मिळाली तर सरकारी मोजणीदार. मागच्या वर्षी ती मिळाली नव्हती. रेघेचे शेवटचे टोक आणि पहिला दगड यांच्यामध्ये एक विहीर मावली असती. तिसऱ्यांदा बसू देत नसत. आज चुकले की अमरावतीला परतायचे आणि जन्मभर वडिलांच्या शेजारी ओट्यावर बसून कापसाच्या दलालांना गाड्या हाकायचे मुहूर्त सांगायचे.

सन १८६४ चालले होते. अमेरिकेतली माणसे एकमेकांना मारत होती, तिकडचा कापूस थांबला होता, म्हणून वऱ्हाडातली माणसे श्रीमंत होत होती. काल जो पाटील जोडा झिजेल म्हणून हातात घेऊन चाले, त्याच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. आपण काहीच न करता आलेले दैव आपण काहीच न करता जाईल, एवढे मात्र त्या पाटलांना कळत होते. त्यामुळे उद्धवच्या वडिलांच्या, भगवंतराव जोशांच्या ओट्यावर बसायला जागा उरत नसे. उद्धवला त्या गर्दीचा वीट होता. वडिलांचाही होता.

भीती आवरायचा त्याचा एक उपाय होता. छाती धडधडू लागली की समोरच्या माणसात काहीतरी हलके शोधायचे. दलालाची अधाशी नजर, सोबत्याची घोकंपट्टी, परीक्षकाचे वर उचललेले पुणेरी नाक. हलके सापडले की घटकाभर छाती शांत होई. औषध फुकट होते आणि वऱ्हाडात त्याचा तुटवडा कधी पडला नाही.

खरे म्हणजे वर्गात त्याच्याइतके होकायंत्र कोणाला येत नव्हते. सरावात त्याची रेघ दर वेळी मिळे. बिघडे ते परीक्षेलाच. सोबती त्याला 'घरातला वाघ' म्हणत, आणि पुढे पुढे त्यालाही ते पटले होते.

भगवंतरावांचे निदान निराळे होते. "साडेसाती आहे तुला. तिथं विद्येचं काय चालते?" पहिल्या परीक्षेआधीच्या शनिवारी त्यांनी घोड्याच्या नालाची अंगठी घडवून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातली. नापास झाल्यावर उद्धवने ती काढून कोनाड्यात टाकली. यंदाच्या परीक्षेआधीच्या शनिवारी त्यांनी दुसरी आणली, पहिलीच्या दुप्पट जाड. "मागची कमी पडली," ते म्हणाले. उद्धव हसला. ज्योतिषाला तो नेहमीच हसे. हसत हसत त्याने बोट पुढे केले.

आता तो दुसऱ्या दगडावर उभा होता. इथून मागे पहिल्या दगडाकडे पाहिले की जाताना घेतलेली दिशा आणि ही दिशा यांत बरोबर एकशे ऐंशी अंश पडायला हवेत. पडले एकशे शहाऐंशी. पुन्हा पाहिले, एकशे त्र्याऐंशी. हात थरथरू लागले, म्हणून त्याने यंत्राची पेटी उजव्या पंजाने दाबून धरली. एकशे सत्त्याऐंशी. कपाळावरचा घाम काचेवर टपकला. मागच्या वर्षी हेच, याच दगडावर.

"महाराज."

साखळीवाला जवळ येऊन उभा होता.

"तुला सांगितलं ना..."

"सुई तुमच्या हाताकडं पाहून राहिली."

"तुला काय समजते सुईचं?"

"समजत काई नाई. दिसते. हात आणला का येते, हात नेला का जाते. म्हैस कशी ढेपीच्या मांगं फिरते, तशी."

"साखळी जवळ आणली असशील, गाढवा."

"थे पाहा साखळी, चाळीस पावलावर टाकून आलो. लोखंड हाये म्हणून तुमीच शिव्या देता रोज." मग त्याने उद्धवच्या बोटाकडे हनुवटी केली. "अन् हे काय सोनं हाये?"

उद्धवने हाताकडे पाहिले. यंत्राजवळ लोखंड आणू नये, हे त्याच्या वहीच्या पहिल्या पानावरचे पहिले वाक्य होते. सकाळी त्याने कमरेची किल्ली काढून ठेवली होती, चाकू ठेवला होता, जोड्याच्या टाचेत खिळा म्हणून जोडेसुद्धा झाडाखाली सोडले होते. बोटातले लोखंड आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. ते शनीचे होते.

त्याने पंजा हळूहळू लांब नेला. सुई परत गेली. पंजा आणला. सुई आली.

"मागच्या साली पण दिसलं होतं तुला?"

"दिसलं ना."

"मग बोलला काहून नाहीस?"

"बोलतच होतो. तुमी म्हणले, बोलू नको, साखळी धर."

उद्धव अंगठी ओढू लागला. उन्हाने बोट सुजले होते, पेरावरून ती सरकेना. आणि खरे सांगायचे तर तो पुरता ओढतही नव्हता. आयुष्यातली सगळ्यात मोठी घडी चालू असताना शनीला उतरवायला तो धजत नव्हता. ज्योतिषाला हसणारा माणूस भर रानात अंगठी धरून उभा राहिला.

"द्या इकडं," साखळीवाला म्हणाला. साखळीच्या कड्यांना लावायची जवसाच्या तेलाची कुपी त्याच्या कमरेला असे. त्याने बोटावर तेल सोडले, मनगट काखेत धरले आणि बैलाची वेसण काढावी तशी अंगठी फिरवत ओढली. पेरावरचे कातडे थोडे तिच्याबरोबर गेले.

"लागलं काय?"

"नाही," उद्धव म्हणाला. "तुझं नाव काय?"

"नत्थुजी."

मागच्या वर्षीही परीक्षेला हाच माणूस त्याची साखळी घेऊन पुढे चालला होता.

उद्धवने पहिल्या दगडापासून पुन्हा सुरुवात केली. अंगठी मुठीत धरून नत्थुजी दर वेळी साखळीजवळ, चाळीस पावलांवर जाऊन उभा राही आणि हात वर करी. हात थरथरायचे थांबले नाहीत. अकराव्या दगडापर्यंत ते थरथरतच होते. सुईला त्याचे काही नव्हते.

दुपारी आंब्याखाली परीक्षकांनी कागदावर पट्टी ठेवली. रेघ पहिल्या दगडाला मिळाली होती. फरक पडला तो एका कडीचाही नाही. परीक्षकांनी सही केली आणि चष्मा काढला.

"मागल्या वर्षी काय झाले होते हो तुम्हांला?"

उत्तर तयार होते. पण ते दिले असते तर अकोल्याच्या वर्गात पुढची वीस वर्षे एकच गोष्ट सांगितली गेली असती: होकायंत्रावर शनी घेऊन बसलेल्या जोशाची.

"हात थरथरला, रावसाहेब."

"हं. भित्रेपणा," परीक्षक म्हणाले. "इकडच्या पाण्यातच आहे तो."

नत्थुजी शेजारीच साखळी गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्याने अंगठी पुढे केली.

"ठेव तुला," उद्धव म्हणाला.

"मले काय करायची? घरी लोखंडाचा फाळ हाये, त्याच्यानं जवारी येते. याच्यानं काय येते?"

पलीकडून पुढच्या उमेदवाराने हाक मारली, "ए साखळी!" नत्थुजीने अंगठी जवळच्या पहिल्या दगडावर ठेवली आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी उद्धवची बैलगाडी अमरावतीत घरापुढे थांबली. ओट्यावर भगवंतराव होते आणि त्यांच्यापुढे शालिकराम दलाल, मांडीवर पागोटे घेऊन.

"पास झालो, बाबा."

"होणारच! दाखव यांना बोट."

बोटावर खपली होती. भगवंतरावांचा चेहरा उतरला.

"अंगठी कुठंय?"

उद्धवने सांगितले. मोजणीच्या वहीत लिहावे तसे, एकापुढे एक: सुई, पंजा, लोखंड, तेल, साखळीवाला. परीक्षकांपुढे जे गिळले होते ते सगळे. "दिवसभर ती त्याच्या मुठीत होती. म्हणून रेघ मिळाली."

भगवंतरावांनी डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला.

"अकराही दगड त्याच्याजवळ होती?"

"अकराही."

"मग सुटलास," ते डोळे उघडून म्हणाले. "साडेसाती त्या साखळीवाल्यावर गेली."

शालिकरामने मांडीवर थाप मारली. "वा महाराज! मंग आमच्या भाच्यासाठी एक करूनच द्या. अन् मुठीत धराले गडी आपल्या घरचे हायेतच!"

दोघेही हसले. उद्धवने सवयीप्रमाणे त्यांच्यात हलके शोधले. पानाने रंगलेले दात होते, अधाशी नजर होती, सगळे जागच्या जागी होते. छाती काही शांत होईना.

"नत्थुजी," तो म्हणाला.

"काय?"

"त्याचं नाव. नत्थुजी."

"बरं," म्हणत भगवंतरावांनी पिशवीतून एक नाल काढला आणि ते त्याची जाडी पाहू लागले.

उद्धव आत गेला आणि न्हाणीत बसून त्याने हात धुतले. दोन दिवस तो धूतच होता. बोटाला जवसाच्या तेलाचा वास तसाच होता.