दोन कामांचा एक कॅमेरा

व्हिडिओचं तांबडं बटण अंगठ्याखाली आलं, निसटलं, पुन्हा आलं — कॉलरच्या गुंडीपेक्षाही लहान, आणि बसवलंय कुठे, तर अंगठा वाकडा केल्याशिवाय पोचूच नये अशा कोपऱ्यात. हे बनवणाऱ्याने आयुष्यात कधी घाईत शूटिंग केलं नसणार! फोटोचं बटण मात्र वर, ऐसपैस, जिथे असायला हवं तिथेच, आणि तिचं बोट न सांगता तिकडे धावायचं... इतक्या वर्षांची सवय. आज ते तिकडे धावलं की मागे ओढायचं, अंगठ्याला कामाला लावायचं, मग पुन्हा बोट. एका हाताची जणू दोन माणसं करायची. "ताई, फोटो म्हणा, व्हिडिओ म्हणा, दोन्ही कामं चोख," दुकानदार काल म्हणाला होता. "उद्याचा दिवस वापरून बघा. संध्याकाळी परत आणून द्या, नाहीतर ठेवूनच घ्या." चोख! दुकानात सगळेच चोख असतात.

महिनाभर हेच चाललेलं. जो फोटोला चांगला तो व्हिडिओला लावला की तापतो आणि ऐन भाषणात मान टाकतो. जो व्हिडिओला चांगला त्याच्या फोटोत अंधाऱ्या कोपऱ्यातले चेहरे चिखलातून काढल्यासारखे. एकाचा पडदा बाजूला वळतो पण डोळा लावायला भिंगच नाही. दुसऱ्याला भिंग आहे पण वजन असं की दुपारपर्यंत मानेचा काटा ढिला व्हावा. आणि मोबाइलवर ते परीक्षणं सांगणारे लोक — हसरे, ताजेतवाने, पाठीमागे मंद दिवे लावून बसलेले — शेवटी सगळे एकच सांगणार, तुमची गरज काय ते तुम्ही ठरवा. अरे, गरजच ठरवता आली असती तर तुझं तोंड बघत बसले असते का मी?

गरज काय होती ते तिला माहीत होतं, हीच तर खरी कटकट. स्टुडिओत दोन कॅमेरे होते, कारण माणसं दोन होती. फोटो तिचे, व्हिडिओ दादाचा. दादाच्या कॅमेऱ्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, तिचा म्हातारा झाला, आणि नवे दोन घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा एकच घ्यायचा, दोन्ही कामांचा. इथवर सगळं सरळ. पण एक कॅमेरा म्हणजे एक हात. आणि दादाचा हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागला होता.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे आम्ही दोघांनी येऊ दिलं नाही. मग एका कंपनीच्या वार्षिक सभेचं चित्रण बघून तिथला मॅनेजर हसत म्हणाला, "आमचे साहेब बोलायला उठले आणि भूकंप झाला वाटतं!" सगळे हसले. दादाही हसला, सगळ्यात मोठ्याने. मला तेव्हा त्या मॅनेजरच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, आणि त्याहून जास्त दादाच्या. हसतोस काय? तिवई लाव म्हटलं तर, "ठमे, तिवईवर ठेवल्यावर मी कशाला हवा? खुर्चीसुद्धा शूटिंग करेल." चाळिशी उलटली तरी ठमेच. आणि तो त्या दिवसापासून कॅमेऱ्याला हात लावेनासाच झाला.

काल दुकानातही तेच. नव्या कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरून घेणारी सोय होती. ही सोय आहे म्हणून तर तिने हा निवडला होता, पण तसं तोंडाने म्हणायची हिंमत तिला झाली नव्हती. दुकानदाराने कौतुकाने तो दादापुढे धरला. दादाने दोन्ही हात खिशात घातले. "तिला द्या, वापरायचा तिला आहे." बघून तरी घे, असं ती म्हणाली, तेही सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजात. "बघितला की. छान आहे," म्हणून तो दुकानातल्या बॅगा न्याहाळत उभा राहिला. एवढा सहज! आयुष्यभराचं काम सोडतोय आणि चेहरा कसा, तर बस चुकली तर पुढची येईल असा. भांड ना माझ्याशी! म्हण, मला जमेल, माझ्या हातात दे. नाही. ह्याचे हात खिशात.

आणि आज दुपारी नाचाच्या क्लासची रंगीत तालीम. खरा कार्यक्रम रविवारी. तालमीत नवा कॅमेरा हाताखालून घालायचा, चुकलंमाकलं तर कुणाचं नुकसान नाही, ही युक्ती दादाचीच. "मी येतो उगाच, घरी बसून काय करू?" म्हणत तो बरोबर आला आणि तिच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला, खिशात हात. मुली रांगेत, नाचाच्या बाई शिट्टी फुंकताहेत, लाकडी फरशीवर पावलांचा नुसता गदारोळ. ती आधी भिंगाला डोळा लावून फोटो, मग चकती फिरवून व्हिडिओ, तांबडं बटण, नाच संपला की पुन्हा तांबडं बटण, पुढचा नाच, पुन्हा तेच... नाच संपल्यावर एका मुलीने मारलेल्या उडीचा फोटो हुकला, कारण ती अजून व्हिडिओतच होती. "शी! कुठलं मेलं बटण हे!" बाईंनी वळून बघितलं. मागून दादा हळूच म्हणाला, "ठिपका बघतेस ना?" चित्रण चालू असलं की भिंगाच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका दिसतो, त्याबद्दल. "बघतेय!" ती खेकसली.

घरी येताना वहिनीचा फोन. "ताई, तो कॅमेरा घ्यायचा का नाही ते तुम्हीच ठरवा आणि ह्यांना स्पष्ट सांगून टाका. घरात नुसते पडदे ओढत बसतात. उजेड आत घेतात, उजेड बाहेर घालवतात. मला वेड लागायची पाळी आलीय." काय स्पष्ट सांगायचं? उद्यापासून येऊ नकोस? की ये, पण भिंतीला टेकून उभा राहा? हो, सांगते, म्हणून तिने फोन ठेवला.

आता टेबलावर कॅमेरा, बाजूला गार झालेला चहा, आणि उन्हं खिडकीच्या खालच्या गजापर्यंत उतरलेली. तासाभरात दादा येणार, मग दोघं दुकानात जाणार — परत करायला किंवा ठेवून घ्यायला. तिने तालमीचं चित्रण लावलं.

फरशी. लाकडी फरशी, तिरकी, हलणारी. तिने पुढचा तुकडा लावला. पुन्हा फरशी, तिच्या सँडल, कुणाची तरी पाण्याची बाटली. त्यापुढचा. फरशी. नाच कुठे आहे?... आणि मग कपाळाला हात. चकती फिरवतानाच कधीतरी अंगठ्याखाली ते बटण दाबलं गेलं असणार. चित्रण आधीच चालू. म्हणजे नाच सुरू झाल्यावर चालू करायला म्हणून दाबलं ते बंद झालं, आणि नाच संपल्यावर बंद करायला दाबलं ते चालू. अख्खी तालीम उलटी. नाच एकही नाही, आणि मधल्या वेळात खांद्यावरून कमरेशी, उलट्या तोंडाने लोंबणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली ही फरशी मात्र इमानेइतबारे, सगळीच्या सगळी.

कारण ठिपका बघितलाच नव्हता. फोटोवाली मी, मला चेहरे दिसतात, ठिपका कुणाला दिसतो? दादाने आधी ठिपका बघितला असता, मग जग. रविवारी असं झालं असतं तर? तिचे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. सगळ्यांचा राग — बटणाचा, दुकानदाराचा, हसऱ्या परीक्षणवाल्यांचा, आणि खिशात हात घालून उभ्या असलेल्या त्या माणसाचा. पुसून टाकावं म्हणून तिने हात पुढे केला, पण तुकडा चालूच होता.

"शी! कुठलं मेलं बटण हे!" — तिचाच आवाज, भसाडा. मागोमाग ठिपक्यावरून खेकसणं. फरशी. तिच्या सँडल. आणि त्यांच्या मागे दादाचे तपकिरी बूट. मुली पुढच्या नाचासाठी जागा घेत होत्या; त्यांची पावलं नुसती ऐकू येत होती. मग तपकिरी बुटाचा चवडा उचलला गेला. टक्, टक्.

तिच्या सँडल डावीकडे सरकल्या.

तिने तो तुकडा मागे नेला. टक्, टक्. सरकल्या.

तो ठोका त्यांचाच होता, पहिल्या कामापासूनचा. शूटिंग चालू असताना बोलता येत नाही, आवाज माइकमध्ये जातो; तेव्हा दादा मागून बुटाने ठोका द्यायचा, म्हणजे, माझ्या चौकटीत आलीस, सरक. टाळ्यांत, ठेक्यात तो मिसळून जायचा, आणि ती डोळा न काढता बाजूला व्हायची. कुठल्या बाजूला हे कधी ठरवावं लागलं नाही.

पण आज त्याच्याजवळ कॅमेरा कुठे होता? कसली चौकट? भिंतीला टेकून तो काय बघत होता? मी कशाच्या आड येत होते?... आणि मी सरकले. मला कळलंसुद्धा नाही. तिने पुन्हा लावलं. ह्या वेळी बुटांच्या वर, पडद्याच्या कडेला, त्याच्या पँटचा खिसा दिसला. खिशाचं कापड आतून थरथरत होतं, सारखं, बारीक बारीक. आणि खाली बूट, अगदी नेमका. टक्, टक्.

सोडलं नव्हतं त्याने. अख्खी तालीम तो शूट करत होता, हात खिशात घालून. आणि मी त्याला बेफिकीर म्हणत होते. सावरून घेणाऱ्या सोयीबद्दल एक अक्षर न बोलता "बघून तरी घे" म्हणून भर दुकानात ओरडले होते. त्याने काय करायला हवं होतं? सगळ्यांसमोर हात बाहेर काढायला?

राग गेला नव्हता. छातीत तसाच होता, फक्त आता तो कुणावर काढावा ते समजेना. ही सोय त्याच्या हाताला पुरेल की नाही हे दुकानदाराला माहीत नव्हतं, तिला नव्हतं, दादालाही नव्हतं. आणि न पुरली तर ते त्याला ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तिथे आपणच असणार, दुसरं कोण? तिने कॅमेरा हातात घेतला. ह्या वेळी आधी ठिपका बघितला. नव्हता. बंद होता.

जिन्यावर बूट वाजले. तिने कॅमेरा टेबलाच्या कडेला, दाराकडून येणाऱ्याच्या हाताशी ठेवला. दार ढकललं गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हाच टेबलाच्या डावीकडे सरकून उभ्या आहोत.